वीसपैकी पाच पेशी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी ३६ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, दोन मुलं आहेत. माझा ४१ वर्षांचा मोठा भाऊ सांगली जिल्ह्यात शेतीपंपांच्या मोटारी भरून देतो, त्याचं छोटं दुकान आहे. ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं म्हणून तपासण्या केल्या तर एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्यात पहिली केमो झाली, डॉक्टर म्हणतात रेमिशन आलंय, म्हणजे आजार सध्या दबलाय. पण गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये सात नंबरचं एक गुणसूत्र कमी असल्यामुळे केस 'हाय रिस्क' आहे आणि नुसत्या केमोवर भागणार नाही, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला रक्त तयार करणारा मगज देणं, करावं लागेल. माझी एचएलए, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे पाहायची तपासणी, पूर्ण जुळली आहे. नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, तर या प्रकारात पाच वर्षं जगणारे फक्त १४ टक्के. तो म्हणतो, एवढं करून हाती काय लागणार? सासूबाई म्हणतात, भावाच्या रक्तात दोष आहे तर तुझ्याही असेल, नातवंडांचं काय? आईबाबांचं लग्न नात्यातलं, त्यामुळे आई स्वतःलाच दोष देत बसली आहे. दादाला फक्त 'केमो चांगली झाली' एवढंच सांगितलंय. बाकी काही कळलं तर तो खचेल, असं वहिनीचं म्हणणं. मी मॅरो द्यावी का? आणि दादाला सांगावं का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन, कारण तुम्ही रिपोर्टमधली ती ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवली आहे, आणि अशा ओळी लिहिण्यातच माझी नोकरी गेली. निवृत्त होईपर्यंत मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे दादांवर काय उपचार करावेत हे मी सांगणार नाही. पण ती ओळ काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे मात्र सांगू शकते.

तुमच्या घरात सध्या चार माणसं ती एकच ओळ चार तऱ्हांनी वाचतायत. तुमच्या यजमानांना त्यात टक्केवारी दिसते, सासूबाईंना घराणं, आईंना स्वतःचा अपराध आणि वहिनींना लपवायची गोष्ट. म्हणून आधी ओळच वाचू.

४५, एक्सवाय, −७ [१५] / ४६, एक्सवाय [५].

दादांची मॅरो काढली तेव्हा त्यातली थोडी हिरव्या झाकणाच्या नळीतून आमच्यासारख्यांकडे आली असणार. ती एक-दोन दिवस ३७ अंशांच्या उबेत ठेवतात, म्हणजे पेशी विभागू लागतात. मग एक औषध घालून त्यांना ऐन विभागणीत थांबवतात, कारण गुणसूत्रं वेगवेगळी दिसतात ती तेवढ्याच वेळी. थेंब वरून स्लाइडवर टाकायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. प्रत्येक गुणसूत्रावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ठरावीक नक्षी असते. सातव्याच्या लांब भुजेवर दोन ठसठशीत काळे पट्टे असतात. एकदा डोळ्यात बसले की गर्दीतही ते गुणसूत्र ओळखू येतं. अशा साधारण वीस पेशी मोजतात. ओळीतले ४५ आणि ४६ म्हणजे पेशीतली एकूण गुणसूत्रं, एक्सवाय म्हणजे पुरुष, आणि कंसातले आकडे त्याच मोजणीचे आहेत: पंधरा पेशींत सातवं एकच सापडलं, पाच पेशींत दोन्ही जागेवर होती.

आता त्या पाच पेशींकडे बघा. तुमच्या घरातल्या चौघांपैकी कुणीच त्यांच्याकडे पाहिलेलं नाही. दादा जन्मापासूनच एक सातवं गुणसूत्र कमी घेऊन आले असते, तर वीसच्या वीस पेशींत तसं दिसलं असतं. खरं तर ते जन्मलेच नसते. सातव्यातलं एक अख्खं गुणसूत्र सगळ्याच पेशींत नसेल, तर गर्भ टिकत नाही. त्या पाच पेशी सांगतात की तुमचा भाऊ पूर्ण ४६ घेऊन जन्मला. पुढे कधीतरी, बहुधा चाळिशीच्या आसपास, त्याच्या मॅरोतल्या एका पेशीत बिघाड झाला आणि त्या पेशीची पिलावळ वाढत गेली. रिपोर्ट त्या पिलावळीचा आहे. दादांचा, तुमच्या आईंचा किंवा तुमच्या मुलांचा तो नाही.

आता एक पण आहे, आणि तो मी लपवणार नाही, कारण तुम्ही दाता होणार आहात. गुणसूत्र गळणं बहुतेक वेळा नंतरचं असलं, तरी काही थोड्या घरांत आधीचा एखादा जन्मजात जनुकीय बदल मॅरोला कमकुवत करून ठेवतो आणि मग सातवं गुणसूत्र गळण्याची शक्यता वाढते. असे रुग्ण बहुधा तरुण असतात, चाळिशीत ही शक्यता कमी, पण शून्य नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: 'आमच्या घरात जन्मजात कारण असण्याची शक्यता तपासली का?' आजोळी किंवा बाबांकडे कुणाला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होता का, कुणाचं रक्त वर्षानुवर्षं कमी राहायचं का, कुणाच्या प्लेटलेट्स नेहमी खाली असायच्या का, कुणी लहानपणी सतत आजारी पडून गेलं का, हे आईंकडून लिहून घ्या. लग्न नात्यातलं होतं हेही डॉक्टरांना सांगा. नात्यातल्या लग्नात काही दुर्मिळ आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, त्यामुळे ही माहिती त्यांच्या कामाची आहे. पण आईंनी त्यातून स्वतःसाठी शिक्षा काढू नये. गरज वाटली तर डॉक्टर दादांच्या त्वचेच्या छोट्या तुकड्यातून जनुकांची तपासणी करवतात, कारण रक्तातल्या पेशींत आजाराची भेसळ असते. तसं काही निघालं, तर तुमची तीच तपासणी दान देण्याआधी व्हायला हवी. सासूबाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच. 'दोष आहे' असंही नाही, 'दोष नाही' असंही नाही, तर 'विचारून घेतलंय' असं त्यांना सांगा.

आता तुमच्या यजमानांचा आकडा. तो खोटा नाही. १९९८ साली ब्रिटनमधल्या १६१२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांवरून रुग्णांचे तीन गट केले होते आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण निघालं ६५, ४१ आणि १४ टक्के. सातवं गुणसूत्र नसलेले तिसऱ्या गटात होते. ही तीन आकड्यांची माळ पुढे जगभर फिरली आणि अजून फिरते आहे. तुमच्या यजमानांच्या मोबाइलवर ती आली यात नवल नाही.

पण त्या आकड्यातली माणसं कोण होती? त्यांच्यावर उपचार झाले १९८८ ते १९९५ या काळात, म्हणजे दादा शाळेत जात होते तेव्हा. त्यानंतर जंतुसंसर्गावरची औषधं बदलली, दात्याची जुळणी जास्त बारकाईने होऊ लागली, ट्रान्सप्लांटच्या आधीची तयारी सोसेल अशी करता येऊ लागली. दुसरं म्हणजे त्या गटातल्या पुष्कळ जणांना पहिल्या केमोनंतर रेमिशनच आलं नव्हतं, आणि १४ टक्क्यांत तेही मोजलेले आहेत. दादा तो उंबरठा ओलांडून आलेत. एसटी निघाल्यावर स्टँडवरच राहिलेल्यांना धरून 'किती जण पोचले' हे मोजलं, तर आत बसलेल्याची गोष्ट त्यात नीट येत नाही.

म्हणून आकडा चांगला आहे असं समजू नका. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एएमएलच्या जोखमीच्या याद्या पुन्हा तपासल्या. काही बदल एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले, पण सातवं गुणसूत्र नसणं प्रतिकूल रकान्यातच राहिलं. ट्रान्सप्लांटनंतरही आजार उलटू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी 'हाय रिस्क' म्हटलं ते घाबरवायला नाही. माझं भांडण आकड्याशी नाही, तो कशासाठी वापरला जातोय त्याच्याशी आहे. हे तीन गट पाडले गेले ते कुणावर केमो पुरे आणि कुणाला रेमिशनमध्येच ट्रान्सप्लांटकडे न्यायचं, हे ठरवता यावं म्हणून. ज्या आकड्यावरून डॉक्टर म्हणतात 'म्हणून ट्रान्सप्लांट करू', त्याच आकड्यावरून तुमच्या घरी 'म्हणून कशाला करायचं' असा अर्थ लागतोय.

इथे थोडं विषयांतर करते. एएमएलमधला गुणसूत्रांचा पहिला ठरावीक बिघाड, आठ आणि एकवीस यांच्या तुकड्यांची अदलाबदल, १९७२ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांना दिसला. त्या घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे कापलेले फोटो मांडून बसत आणि मुलं त्यांना चिडवत, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय म्हणून. आम्हीही सुरुवातीला कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून जोड्या लावायचो. एखादं गुणसूत्र पंख्याने उडून टेबलाखाली गेलं की सगळ्यांची धांदल. पुढे १९७७ मध्ये राउली यांनीच पंधरा आणि सतरा यांची अदलाबदल शोधली. ती ज्या प्रकारच्या एएमएलमध्ये असते, त्याचं नाव काढलं की जुन्या डॉक्टरांच्या अंगावर काटा यायचा. रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत जायचे. आज तोच प्रकार एएमएलमध्ये सर्वांत बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. औषध म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून तयार केलेलं ॲसिड आणि आर्सेनिक. आर्सेनिकवरचं महत्त्वाचं काम आपल्याकडे वेल्लोरलाही झालं. बिघाड तोच, ओळ तीच, पण भविष्य पालटलं. सातव्याच्या नशिबी असं औषध अजून आलेलं नाही, हे मान्य. पण 'गुणसूत्रात आहे म्हणजे कपाळावर लिहिलंय' असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतेच.

आणि 'ॲबनॉर्मल' या शब्दाबद्दल. एकदा एका मुलाचे वडील रिपोर्ट न्यायला स्वतः आले होते. कागदावर मोठ्या अक्षरांत 'ॲबनॉर्मल' पाहून त्यांनी काही विचारलं नाही, घडी घालून खिशात ठेवला आणि गेले. पुढे कळलं की 'आता उपयोग नाही' म्हणून ते मुलाला गावी घेऊन गेले. रिपोर्टवर होती आठ-एकवीसची अदलाबदल. ती ज्या गटात मोडते त्यातले पुष्कळ रुग्ण केमोनेच बरे होतात. वॉर्डातून फोन गेल्यावर ते परत आले, पण तीन आठवडे वाया गेले होते. तेव्हापासून कुणी कागद न्यायला आलं की मी त्यांना थांबवायचे आणि म्हणायचे, हा डॉक्टरांसमोर उघडा. दादांच्या रिपोर्टबाबतही माझं तेच म्हणणं आहे. आणखी दोन गोष्टी त्याच वेळी विचारा. जनुकांच्या तपासणीत काय निघालं? आणि रेमिशननंतरच्या मॅरोत सातवं पुन्हा दोन्ही दिसतंय का, की अजूनही काही पेशींत कमी आहे? ब्लास्ट, म्हणजे मॅरोतल्या अपक्व पेशी, पाच टक्क्यांच्या खाली आले की रेमिशन म्हणतात, पण त्याखालीही आजार दडलेला असू शकतो आणि तो आता बारीक तपासण्यांनी शोधता येतो. ट्रान्सप्लांट लगेच की अजून एखाद्या केमोनंतर, हे त्यावरही ठरतं.

आता तुमच्याबद्दल. पत्रभर तुम्ही दादा, आई, मुलं, सासूबाई यांच्याविषयीच लिहिलंय. तुम्हाला स्वतःला भीती कशाची वाटते, ते एका ओळीतही नाही. म्हणून काय होतं ते सांगते. बहुधा चार-पाच दिवस पोटावर किंवा दंडावर इंजेक्शनं देतात, त्यामुळे मॅरोतल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या, रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, फ्लूमध्ये अंग दुखतं तसं. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त काढून मशीनमधून फिरवतात, मूळपेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हाताने परत देतात. चार-पाच तास लागतात, क्वचित दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. त्यात वापरलेल्या औषधामुळे कॅल्शियम खाली जातं आणि ओठांना मुंग्या येतात. नर्सला लगेच सांगा, त्या कॅल्शियम देतात. गंभीर त्रास क्वचित होतो, पण अजिबात होतच नाही असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तुम्ही गरोदर नाही ना, बाकी तब्येत कशी, हे दादांचे नव्हेत तर दुसरे डॉक्टर तपासतील असं पाहा. तुमची बाजू बघणारं कुणीतरी तिथे हवं.

तुमचं 'हो' किंवा 'नाही' याला एक मुदत आहे. ट्रान्सप्लांटच्या सुमारे आठवडाभर आधी दादांची स्वतःची मॅरो जड औषधांनी रिकामी करायला सुरुवात होते. एकदा ती सुरू झाली की दात्याने मागे फिरणं म्हणजे रुग्णाचा जीव धोक्यात घालणं. त्यामुळे यजमानांशी जे बोलायचं, भांडायचं, रडायचं ते त्याआधी. आणि 'नाही' म्हणायची मुभा तुम्हाला आहे. सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, ती तुमच्या वाट्याला आली, पण दादांसाठी तुम्ही एकमेव दार नाही. नोंदणीकृत अनोळखी दाते असतात, आईवडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीचं ट्रान्सप्लांटही आता होतं. पूर्ण जुळलेलं भावंड बहुधा पहिली पसंती असतं. मुलं झालेली बहीण भावाला मूळपेशी देते तेव्हा नव्या पेशी रुग्णाच्या शरीराशी भांडण्याचा धोका थोडा जास्त असतो, डॉक्टर तोही हिशेब करतील. मला विचाराल तर, जन्मजात कारणाचा प्रश्न सुटला असेल आणि तुमची तब्येत ठीक असेल, तर मी देईन. पण हे मी तुमच्या यजमानांच्या जागी बसून म्हणत नाही. खर्चाची त्यांची काळजी खोटी नाही. त्यासाठी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला आजच भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज कुठे भरायचे, हे त्यांना पाठ असतं. यजमानांना सोबत न्या. १४ टक्क्यांचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू द्या.

राहिले दादा. वहिनींना वाटतं, कळलं की ते खचतील. मला वाटतं त्यांना अर्धं आधीच कळलंय. हातात फोन आहे, शेजारच्या खाटेवर गप्पा मारणारा रुग्ण आहे, आणि दारात आलात की तुमचा चेहरा आहे. शिवाय ट्रान्सप्लांटच्या संमतीपत्रावर सही त्यांनाच करायची आहे. ज्या गोष्टीचं कारण सांगितलं नाही, तिला ते सही कशी देणार? जळालेली मोटार घेऊन शेतकरी दुकानात येतो, तेव्हा तुमचे दादा 'काही नाही, बारीक काम आहे' म्हणून झाकण लावतात का? उघडून दाखवतात, कुठली कॉइल गेली ते.

तरी सगळं एकदम ओतू नका. वहिनींना आधी विश्वासात घ्या, त्यांना वगळून सांगितलंत तर घरात दुसरंच दुखणं सुरू होईल. मग शांत वेळ बघून एवढंच विचारा: 'दादा, तुझ्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांकडून तुला सगळं ऐकायचंय, की लागेल तेवढंच?' काही माणसं म्हणतात, तू ऐक आणि मला फक्त पुढे काय ते सांग. तेही उत्तर आहे, पण ते त्यांनी द्यायला हवं. सगळं ऐकायचं म्हणाले तर टक्केवारीपासून सुरू करू नका. 'मॅरोतल्या बिघडलेल्या पेशी केमोने दबल्यात, पण त्या परत येण्याच्या जातीच्या आहेत, म्हणून माझ्या पेशी तुला द्यायचं चाललंय,' इथून सुरू करा. मग रिपोर्टमधला फोटो दाखवा, सातव्या नंबरला एकच गुणसूत्र दिसेल. आणि त्या पाच पेशींबद्दल सांगा. आईंनाही तिथेच बसवा.

तुम्ही पेशी दिल्यात आणि त्या दादांच्या मॅरोत रुजल्या, तर पुढच्या एखाद्या तपासणीत रिपोर्टवर '४६, एक्सएक्स' येईल. आमच्या लॅबमध्ये एकदा एक नवी मुलगी असाच रिपोर्ट पाहून धावत आली होती, पुरुषाच्या नावावर बाईचं सॅम्पल गेलं म्हणून. नळीवरचं नाव तिने तीनदा ताडून पाहिलं होतं. काही अदलाबदल झालेली नव्हती, त्या माणसाला त्याच्या बहिणीने मॅरो दिली होती.